शालन, त्या गोंगाटात तू काय म्हणालीस?

शालन,

तुझा तेरावा झाला नाही तोच इथल्या मराठी मंडळाच्या बाई घरी येऊन बसल्या. अंकात वहिनींचा फोटो छापायचाय म्हणाल्या, सोबत थोडी माहिती द्या. जन्म कुठला, शिक्षण किती, छंद काय. मी म्हटलं, माहिती कसली, तुम्ही सगळ्या तिच्या हातचं जेवून गेलाय. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, बरं, तुम्हाला जमेल तसं लिहा. तसं लिहितोय. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे पलटणीत जे लिहिलं ते हजेरी आणि सामानाचं. कुठे चुकलं तर त्या बाई बघून घेतील.

मला तुला एकच विचारायचंय. आपल्या पोरीच्या, वैजूच्या बँडचा कार्यक्रम बघायला आपण गेलो होतो, तेव्हा त्या सगळ्या गोंगाटात तू माझ्या उजव्या कानाला तोंड लावलंस आणि काहीतरी बोललीस. काय बोललीस?

माझा उजवा कान मेलेला आहे हे इथे सगळ्यांना माहीत नसेल. मी तोफखान्यात होतो. कान तिथेच राहिला. डावा अर्धामुर्धा चालतो. म्हणून तू जन्मभर माझ्या डाव्या हाताला राहिलीस. रस्त्याने डावीकडे, बसमध्ये डावीकडे, झोपताना डावीकडे. सत्यनारायणाच्या पूजेला भटजी म्हणाले, वहिनी, यजमानांच्या उजवीकडे बसा, तसं शास्त्र आहे. तू म्हणालीस, "शास्त्र बरोबर आहे हो, पण उजवीकडे बसले तर ह्यांना कथा चाललीय का आरती चाललीय तेसुद्धा कळणार नाही. मग पुण्य कुणाला?" आणि बसलीस डावीकडे. भटजी शेवटपर्यंत फुगून होते.

अशी बाई चुकून उजव्या कानात बोलेल का? नाही बोलणार. तू मुद्दाम मेलेल्या कानात बोललीस. दोन हिवाळे झाले त्याला. तू होतीस तोपर्यंत ती आपली थट्टा होती. आता मला रात्रंदिवस तेवढंच सुचतं.

वैजूला ड्रमचं वेड लावलंस तू. माझं म्हणणं काय होतं तुला ठाऊक आहे. पलटणीच्या गणपतीत ढोल वाजवला ते ठीक, लहान होती, जवानांनी कौतुक केलं. पण पुढे ती गुडगावच्या कॉल सेंटरला लागली, अमेरिकेच्या घड्याळाने जागायला लागली आणि पगारातून पहिली वस्तू आणली ती फ्रिज नाही, टीव्ही नाही, तो सगळा ड्रमचा संसार. आपल्या दोन खोल्यांत ठेवायला जागा नाही. तू धान्याचे डबे पलंगाखाली ढकललेस आणि जागा केलीस. मी म्हणालो, "लग्नाच्या बाजारात काय सांगायचं, मुलगी काय करते? ढोल बडवते?" तू म्हणालीस, "तुम्ही जन्मभर तोफा बडवल्या, तुम्हाला मी केलंच की." हे भांडण आपण तिथेच सोडलं, ते अजून तिथेच पडलंय.

मग तो कार्यक्रम. नव्या मॉलच्या मागे मोकळं मैदान होतं, आता तिथे टॉवर आहे. मेट्रोचे खांब तेव्हा नुकते उभे राहत होते, सगळीकडे धूळ. वैजूने पास दिले आणि म्हणाली, "आई, तुम्ही उशिरा आलात तरी चालेल. आणि प्लीज यार, साधे कपडे घाला." तू ऐकणार थोडीच. जरीची साडी नेसलीस. पासावर लिहिलेल्या वेळेच्याही आधी आपण हजर, जसं मंडळाच्या नाट्यगीतांना जातो तसं. आणि तुझ्या पिशवीत शाल, नारळ, पेढे. कलावंताला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, मंडळात कधी पाठवलं नाही, मग आपल्याच पोरीला आणि तिच्या सोबत्यांना कसं पाठवायचं? मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोघांनाही वाटलं नाही.

गेटवर गार्डने पिशवी उघडली आणि नारळ बाहेर काढला.

"अम्माजी, ये अंदर नहीं जाएगा."

"क्यों नहीं जाएगा? नारियल है, बम थोड़ी है."

"फेंक के मारने वाली चीज़ मना है."

"अरे भैया, नारियल कौन फेंकता है? ये सत्कार के लिए है."

"किसका सत्कार?"

"बाजेवालों का!"

मागे रांगेत काळे शर्ट घातलेली, केस वाढवलेली पोरं हसायला लागली. मी म्हणालो, "शालन, तो बरोबर बोलतोय. त्याला ऑर्डर आहे." मी स्वतः रिटायर झाल्यावर काचेच्या इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर. मी काय वेगळं सांगणार? तू माझ्याकडे असं बघितलंस. "आज तुम्ही ड्युटीवर नाही आहात," म्हणालीस.

शेवटी गार्डनेच तोड काढली. म्हणाला, तोड़ के ले जाओ, प्रसाद में दिक्कत नहीं. मी नव्या फुटपाथच्या कडेवर नारळ आपटला. पाणी माझ्या बुटांवर. "फोडलात!" तू म्हणालीस. "वाढवला" म्हणायची पद्धत असते, ती तूच मला शिकवलीस, पण त्या दिवशी तू "फोडलात" म्हणालीस. "सत्काराला अखंड नारळ लागतो, एवढं पण कळत नाही." तरी गार्डच्या हातावर पहिला तुकडा तूच ठेवलास. मला दिला नाहीस. रागाने पुढे गेलीस आणि जी खुर्ची मिळाली तीत बसलीस. ती माझ्या उजवीकडे होती.

हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. रागावून उजवीकडे बसलीस, इतपत मला समजतं. पण तू कानात बोललीस तेव्हा राग जाऊन बराच वेळ झाला होता.

कारण मधे खूप काही झालं. आधी नुसतेच लाइटवाले. मग कोणीतरी माइकमध्ये चेक चेक करत बसला. अंधार पडला, थंडी वाजायला लागली, आणि मग ती चौघं आली, तीन पोरं आणि मागे ड्रमवर आपली वैजू. पहिला फटका पडला आणि शालन, तुला सांगतो, मी खुर्चीत ताठ झालो. तोफ सुटते तेव्हा आधी जमीन सांगते, कानाला मागून कळतं. तसं झालं. पायातून वर आलं, फासळ्यांत थांबलं. कितीतरी वर्षांनी मला गाणं ऐकू येत होतं. लता, आशा, तुझी भजनं, सगळं मला कुणी दुसऱ्या खोलीत भांडी घासतंय असं ऐकू येतं. हे मात्र सगळं पोचलं. गिटारीचा घरघराट पोटात, ड्रम छातीत. वैजू दातओठ खाऊन बडवत होती आणि तिचा एक एक फटका मला वेगळा लागत होता.

आणि तू वाट बघत होतीस गायकाची! एक झालं, दुसरं झालं, तू शेजारच्या पोराला हाताने हलवलंस.

"बेटा, गानेवाला कब आएगा?"

"आंटी, गानेवाला नहीं है."

"क्यों, भाग गया?"

त्या पोराला इतकं हसू आलं की त्याने पुढच्या चार जणांना ओरडून सांगितलं. "आंटी, ये ऐसे ही बजाते हैं. इंस्ट्रूमेंटल." तू मला खुणेने सांगितलंस, बोटाने तोंडावर फुली मारून, की ह्यांच्यात कोणी तोंडच उघडत नाही. आणि आपण दोघं हसलो. तुझा राग तिथेच संपला, मी बघितला संपताना.

त्यानंतर ते लांबलचक वाजवलं त्यांनी. सुरुवात हळू, मग चढत गेलं. पोरं माना हलवायला लागली. तू मांडीवर टाळी धरलीस, आरतीची धरतेस तशी, आणि ती त्या पोरांच्या टाळीपेक्षा बरोबर पडत होती. मग सगळ्यात मोठा आवाज झाला आणि तू वाकलीस. तुझा श्वास माझ्या उजव्या कानावर आला. कान मेला तरी कातडी मेलेली नाही. गरम श्वास लागला, थांबला, पुन्हा लागला. तू सरळ बसलीस आणि समोर बघायला लागलीस.

मी ओरडलो, "काय?"

तू मान हलवलीस. काही नाही.

संपल्यावर तू स्टेजमागे गेलीसच. वैजू "आई, प्लीज, आई," करत राहिली आणि तू त्या सरदाराच्या पोराला, हरमनला, त्याच्या घामेजल्या अंगावर शाल पांघरलीस. सगळ्यांच्या हातावर खोबरं आणि पेढा. ती दाढ्या वाढवलेली पोरं वाकून पाया पडली. एकाने विचारलं, "आंटी, कैसा लगा?" तू म्हणालीस, "बहुत मेहनत करते हो. गला बच गया, अच्छा है."

बसमध्ये मी विचारलं, "काय म्हणालीस मघाशी?" तू म्हणालीस, "ज्या कानाला सांगितलं त्या कानाला विचारा."

हे तुझं उत्तर दोन वर्षं टिकलं. भाजी चिरताना विचारलं, हेच उत्तर. पानिपतला मंडळाच्या बसने काला अंबचं स्मारक बघायला गेलो तेव्हा विचारलं, हेच. मी चिडायचो, तू हसायचीस. मला वाटायचं, असेल काहीतरी बायकी चावटपणा. सांगेल कधीतरी.

मग डॉक्टर. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि मला विचारलं, "इनको दर्द कब से है?" मी म्हटलं, दिवाळीपासून. ते म्हणाले, "नहीं अंकल, ये पुराना है. काफ़ी पुराना." मी तुझ्याकडे बघितलं. तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतीस.

त्याच क्षणी मला ते मैदान आठवलं. शालन, तू मला तेच सांगितलंस का? की तुझ्या पोटात दुखतंय? तुला भीती वाटतेय? इतक्या आवाजात, मेलेल्या कानात, म्हणजे सांगितल्यासारखंही होईल आणि मला कळणारही नाही? बायका असं करतात का? तू करशील का? तेव्हाच कळलं असतं तर आपण तेव्हाच दवाखान्यात गेलो असतो, आणि आज मी हे लिहीत बसलो नसतो. की तू नुसतं म्हणालीस, थंडी वाजतेय, मफलर बांधा? मला ठरवता येत नाही. मला झोप येत नाही.

मी तुला हॉस्पिटलमध्ये विचारायला हवं होतं, सरळ. विचारलं पण. तोवर तुझा आवाज पार आत गेलेला. तुझे ओठ हलायचे, मी डावा कान पार तुझ्या तोंडाशी आणायचो आणि मला काही ऐकू यायचं नाही. नर्स सांगायची, "अंकल, माताजी पानी माँग रही हैं." "अंकल, कह रही हैं खाना खा लो." माझ्या बायकोचं बोलणं परक्या मुलीने मला हिंदीत सांगायचं! शेवटी मी त्या नर्सलाच म्हटलं, विचार हिला, उस दिन बाजे में क्या बोली थी. तिने विचारलं. तू डोळे मिटून घेतलेस आणि तुझ्या गालाला खळी पडली. हसलीस. नर्स म्हणाली, "कुछ नहीं बोल रहीं, बस मुस्कुरा रही हैं." दोन दिवसांनी तू गेलीस.

दुखण्याचं असतं तर हसली असतीस का? की मला फसवायला हसलीस? तू फसवू शकतेस. मला बरं वाटावं म्हणून तू काहीही करू शकतेस, हाच तर घोळ आहे.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी नोएडाला गेलो. तिथे एका कारखान्याच्या बेसमेंटमध्ये वैजूची मंडळी वाजवायचा सराव करतात. भिंतींना गाद्या ठोकल्यात. वैजू होती, पण वाजवत नव्हती, नुसती काठ्या घेऊन बसली होती. पोरं उठून उभी राहिली. हरमनने माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी वैजूला म्हटलं, "ते वाजवा. तेव्हाचं, लांबलचक. पूर्ण आवाजात."

"पप्पा, आत्ता? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले उडत."

मी तिला माझा विचार सांगितला. सांगताना मलाच कळत होतं की वेडेपणा आहे. तिने ड्रमवर एका पोराला बसवायचं, त्याला नुसता ठोका धरता आला तरी पुरे. आणि तिने माझ्या उजव्या बाजूला बसायचं, तुझ्यासारखं वाकायचं, आणि मी सांगतो ती वाक्यं त्याच क्रमाने कानात म्हणायची. कातडीला तुझा श्वास आठवतो. आधी लागला, थांबला, पुन्हा लागला. जे वाक्य तसं लागेल ते तुझं.

वैजू माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, म्हातारा गेला कामातून. पण तुझीच पोरगी. उठली आणि येऊन बसली.

त्यांनी सुरू केलं. जमीन हलायला लागली. वैजू वाकली आणि म्हणाली, पोटात दुखतंय. श्वास लागला. मग, घरी चला. मग, मफलर बांधा. मग, पोरगी छान वाजवते. मग मला सांगायला लाज वाटली होती तेही म्हणाली. सगळे श्वास सारखे, शालन. सगळे गरम. मी प्रत्येकाला मान हलवत होतो, नाही, नाही, पुन्हा. ती पुन्हा म्हणायची. मला वाटलं आता कळेल, पुढच्या वेळी कळेल. पोरं वाजवून दमली, एकमेकांकडे बघायला लागली, पण थांबली नाहीत.

मग वैजू काहीतरी लांब बोलली. मी सांगितलेलं नव्हतं ते. श्वास तुटत तुटत आला आणि माझी मान ओली झाली.

मी उठलो आणि ओरडलो, "बंद करो!" गार्डना ओरडतो तसा. सगळं एकदम थांबलं. मी तिला धरून माझ्या डाव्या बाजूला आणली. म्हटलं, "आता सांग. काय म्हणालीस?"

ती म्हणाली, "पप्पा, मला आईचा आवाज आठवत नाही. डोळे मिटले की हॉस्पिटलमधलाच येतो, तो बारीक. घरचा येतच नाही."

तिच्या दोन्ही कानांना कुलपातली किल्ली फिरलेली ऐकू येते. ती पोरगी मला, बहिऱ्याला, विचारतेय आईचा आवाज.

आणि मला येत होता. हॉस्पिटलमधला मला कधी ऐकूच आला नाही, मग तो आठवणार कुठून? माझ्यापाशी फक्त तुझा तो धडधाकट आवाज आहे. माझ्या कानांपायी तू जन्मभर ओरडत राहिलीस, शेजारपाजारचे म्हणायचे, सुपरवायझरसाहेबांची बायको फार भांडते. भांडत नव्हतीस, मला जेवायला बोलवत होतीस.

मी त्या बेसमेंटमध्ये, तीन पोरांसमोर, छाती भरून घेतली आणि ओरडलो. क्वार्टरच्या गॅलरीतून तू मैदानात खेळणाऱ्या पोरीला हाक मारायचीस तसा. "वैजेऽऽ! अगं ये वरती! भात निवला!"

वैजूने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "असं नाही. 'भात'वर जोर द्यायची. आणि शेवटी आवाज वर न्यायची."

मी पुन्हा म्हटलं.

"हां. अजून वर."

पुन्हा म्हटलं. तिने डोळे मिटून घेतले. "आई आली, पप्पा," म्हणाली, "आली, म्हणत राहा." हरमनने हळूच गिटार खाली ठेवली.

तू काय म्हणाली होतीस ते मला कळलेलं नाही, शालन. आता कळणारही नाही, आणि हे मला सहन होत नाहीये. मी ओरडत राहिलो. ओरडता ओरडता घसा चरचरला, फाटला, आणि तुझा आवाज त्यातून निघून गेला. मला समजलं, कधी गेला ते. वैजूलाही समजलं असणार, तिने डोळे उघडले. पण तिने थांबा म्हटलं नाही, आणि मीही थांबलो नाही. गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत एक म्हातारा, भात निवला, भात निवला, म्हणून हाका मारत होता.